बेअरिंग न सोडणारी माणसं

बोहाड्याच्या रात्री सोंग दिसण्याआधी ऐकू येतं. जव्हार-मोखाड्याकडच्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटीवाटीनं बसलेली असतात, लेकरं गोधडीत गुंडाळून पुढच्या रांगेत ठेवलेली असतात, आणि दूर टोकाला संबळ नि पिपाणी सुरू होते. मग टेंभ्यांच्या उजेडात एक मोठा मुखवटा डुलत येतो. आधी गणपती, मग शारदा, आणि त्यांच्या मागं रामायणातले, पांडवांकडचे, देवीच्या लढाईतले एकेक जण, पार पहाटेपर्यंत. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात. ते घालणारी माणसं वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर अशा समाजांतली. दिवसा शेतावर, मजुरीवर जाणारी. बऱ्याच गावांत अमुक सोंग अमुक घराचं, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. आणि सोंग देवीचं असो की राक्षसिणीचं, ते नाचवणारा पुरुषच असतो.

माझा आजा सोंग नाचवायचा. त्यानं आम्हा पोरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. लुगडं नेसल्यावर हसायचं नाही. समोरचे हसले तरी आपण हसायचं नाही. आपण हसलो की सोंग गेलं, उरला नुसता लुगडं नेसलेला माणूस.

शहरातले नाटकवाले यालाच ‘बेअरिंग’ म्हणतात. एकदा धरलेली चाल, आवाज, नजर, अंगाचा तोल शेवटपर्यंत सुटू द्यायचा नाही. गंभीर नाटकात बेअरिंग सुटलं तर प्रसंग थोडा ढिला पडतो. खुळ्या गोष्टीत सुटलं तर काहीच शिल्लक राहत नाही, कारण तिथं तोलून धरायला दुसरा आधारच नसतो. म्हणून मला वाटतं, गोष्ट जितकी वेडगळ, तितके नट पक्के लागतात. मराठीत याचा सगळ्यांत मोठा दाखला म्हणजे ‘अशी ही बनवाबनवी’.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो गणपतीत, आळीत पडदा बांधून लावलेला. आजा माझ्या शेजारी बसला होता. लोक संवादांना हसत होते, आणि तो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पायांकडे बघत होता. मध्येच एकदा समाधानानं मान हलवून म्हणाला, हा माणूस हसत नाही.

सिनेमा 1988 च्या सप्टेंबरमध्ये आला. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, निर्माते व्ही. शांताराम यांचे चिरंजीव किरण शांताराम, लेखन वसंत सबनीस यांचं, संगीत अरुण पौडवाल यांचं. गोष्ट चार ओळींची आहे. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा धनंजय माने, त्याचा धाकटा भाऊ शंतनू, आणि त्यांच्या आसऱ्याला आलेले सुधीर व परशुराम. घरमालक त्यांना बाहेर काढतो. नवी जागा मिळते ती लीलाबाई काळभोर यांच्या बंगल्यात, पण त्यांना भाडेकरू हवेत ते जोडप्यानं राहणारे. मग सुधीरची सुधा होते, परशुरामची पार्वती होते, आणि एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, असा डोलारा उभा राहतो.

ही गोष्ट मूळची मराठी नाही. शैलेश डे यांच्या बंगाली कथेवरून हृषीकेश मुखर्जी यांनी 1966 साली ‘बीवी और मकान’ हा हिंदी सिनेमा केला होता, त्यात विश्वजीत आणि मेहमूद होते. मोठा दिग्दर्शक, मोठा विनोदी नट, तरी तो चालला नाही आणि आज त्याचं नाव सांगावं लागतं. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, 1967 साली आलेल्या हृषीदांच्या ‘मझली दीदी’मध्ये मीनाकुमारींच्या समोर एक लहान मुलगा उभा राहिला होता, तो सचिन. त्याच मुलानं एकवीस वर्षांनी ही गोष्ट मराठीत आणली, आणि ती अशी काही रुजली की धनंजय माने यांचा पत्ता विचारणारा प्रश्न आणि लिंबू कलरची साडी या दोन गोष्टी माहीत नसलेला मराठी माणूस आता शोधावा लागेल.

एकच गोष्ट एकदा रुजत नाही आणि दुसऱ्यांदा रुजते, याचं उत्तर मला माणसांत दिसतं. कोण कुठून आलं होतं ते पाहू.

अशोक सराफ यांचे मामा गोपीनाथ सावकार, जुन्या रंगभूमीवरचे मोठे नाव. घरातच नाटक. तरी सराफ यांनी बराच काळ स्टेट बँकेत नोकरी केली आणि ती सांभाळून नाटकं केली. दादा कोंडके यांच्या 1975 च्या ‘पांडू हवालदार’नं त्यांना घराघरांत नेलं. पण विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखालच्या ‘हमीदाबाईची कोठी’सारख्या नाटकात काम केलेला हा नट आहे, हे विसरलं की ‘बनवाबनवी’तला धनंजय नीट कळत नाही. धनंजय स्वतः साडी नेसत नाही. तो थापा मारतो. साखरेच्या आजाराचं औषध मिळवून देतो म्हणून घरमालकाकडून घेतलेले सत्तर रुपये आणि ते औषध आणणारा मित्र, या दोघांना तो एकाच दमात स्वर्गात पाठवतो, तो प्रसंग आठवा. सराफ तिथं आवाज चढवत नाहीत. खरंच कुणी गेल्यावर माणूस जसा हळू बोलतो तसे बोलतात. त्या शोकात क्षणभर आपणही सापडतो, आणि मग हसू येतं. शोकात्म नाटकाचा रियाज नसता तर हा प्रसंग पोरकट झाला असता. 2023 चा महाराष्ट्र भूषण आणि 2025 ची पद्मश्री त्यांना मिळाली, तेव्हा मला आधी त्यांचा तो दबलेला आवाज आठवला.

लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावातले. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत करत रंगमंचावर आले, पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टुरटुर’नं गाजले आणि 1985 च्या ‘धुमधडाका’नं सिनेमात पक्के झाले. 1992 साली जब्बार पटेल यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेवर ‘एक होता विदूषक’ केला, तेव्हा मुख्य भूमिकेसाठी त्यांनी बेर्डेंनाच घेतलं. हसवणाऱ्या माणसाचं दुःख या नटाला पेलेल, हे त्यांना दिसलं होतं.

आता दोन साड्यांकडे वळतो, कारण या सिनेमाचा खरा ऐवज मला तिथं वाटतो. सुधा आणि पार्वती ही दोन्ही पुरुषांनी घेतलेली स्त्रीची सोंगं, पण त्यांची कुळं वेगळी आहेत. सचिन यांची सुधा नाजूक आहे. पदर, मान, हात, लाजणं सगळं जागच्या जागी. तिच्याकडे बघून पडद्यावरचे पुरुष फसतात ते पटतं. हे कुळ संगीत नाटकातल्या स्त्रीभूमिकांचं. बालगंधर्वांचा शालू आणि अंबाडा पाहून घरंदाज बायका तशी फॅशन करत, असं त्या काळाबद्दल सांगतात. तिथं प्रेक्षकाला पुरुष विसरायला लावायचं असतं.

पार्वती तशी नाही. पार्वतीच्या साडीत परशा पूर्ण दिसतो. त्याचा राग, त्याची भूक, त्याची घाई पदराखालून बाहेर येते आणि तो पुन्हा आत ढकलतो. हे कुळ तमाशातल्या मावशीचं. गवळणीत वाट अडवणाऱ्या कृष्णाशी बोलणारी मावशी म्हणजे पुरुषच असतो, आणि प्रेक्षकाला ते सतत माहीत असावं लागतं. मावशी सुंदर दिसायचा प्रयत्न करत नाही. ती स्वतःला बाई मानते, एवढंच. बेर्डे तेवढं मानतात आणि शेवटपर्यंत सोडत नाहीत. पार्वतीचं डोहाळजेवण आठवून पाहा. ओटी भरून घेताना तो नट एकदाही प्रेक्षकांकडे बघून डोळा मिचकावत नाही.

एकाच पडद्यावर ही दोन कुळं शेजारी उभी करणं योगायोगानं झालेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं. लेखक वसंत सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक. त्या लोकनाट्यानंच दादा कोंडके यांना मोठं केलं. गण, गवळण, बतावणी, वग हे सगळं सबनीसांच्या हाडात होतं. बतावणीचा नियम असा, की प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघंही स्वतःला शहाणे समजतात. ‘बनवाबनवी’तले संवाद तसेच बांधलेले आहेत. कुणीही विनोद करत नाही. प्रत्येक जण आपली अडचण सोडवत असतो.

सचिन यांची स्वतःची तालीम तर बालपणापासूनची. राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये ते अगदी लहान होते. पुढे ‘शोले’तला अहमद, ‘गीत गाता चल’, ‘अँखियों के झरोखों से’, ‘नदिया के पार’. म्हणजे हिंदीत नायक म्हणून उभा राहिलेला नट मराठीत येऊन स्वतःच्याच सिनेमात साडी नेसतो, आणि हशाचा मोठा वाटा बेर्डे व सराफ यांना देतो. दिग्दर्शक स्वतः पडद्यावर असताना असा वाटा सोडणं सोपं नसतं.

चौथा सिद्धार्थ रे. त्याचं नाव लोकांना चटकन आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं. हा व्ही. शांताराम यांचा नातू. लहानपणी आजोबांच्या 1977 च्या ‘चानी’त त्यानं काम केलं होतं. ‘बनवाबनवी’त त्याचा शंतनू साधा, देखणा, गोंधळलेला मुलगा आहे, आणि चौघांत असा एक लागतोच. बोहाड्यात मुखवट्यासोबत चालणारा, टेंभा धरणारा माणूस असतो ना, तसा. तो साध्या माणसासारखा चालतो म्हणून मुखवट्याचं डोलणं उठून दिसतं. शंतनूच्या चेहऱ्यावरची भीती खरी आहे, म्हणून बाकीच्या तिघांच्या उड्या अधांतरी वाटत नाहीत. सिद्धार्थ 2004 च्या मार्चमध्ये गेला, फार लहान वयात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे गेले, आणि पुढच्या डिसेंबरात सुधीर जोशी.

सुधीर जोशी म्हणजे पहिला घरमालक, विश्वासराव सरपोतदार. भूमिका केवढीशी, पण तिच्यावर पुढचा सगळा सिनेमा उभा आहे. घरमालकाचा जाच खरा वाटला नाही तर साडी नेसण्याची पाळी येईलच कशाला? जोशींनी खलनायक केला नाही. त्यांनी पैशाला चिकटलेला, स्वतःच्या शिस्तीवर खूश असलेला आणि तरी सहज फसणारा माणूस केला. लीलाबाई झालेल्या नयनतारा तर रंगभूमीवरच्या मुरलेल्या अभिनेत्री. ‘शांतेचं कार्टं चालू आहे’ या नाटकातली बेर्डे आणि नयनतारा यांची मायलेकरांची जोडी ज्यांनी पाहिली, त्यांना पार्वती आणि लीलाबाई यांच्यातल्या वेळेच्या अचूकपणाचं नवल वाटणार नाही. एकाचं वाक्य संपतं तिथं दुसऱ्याचा श्वास सुरू होतो. हे संकलनाच्या टेबलावर बनवता येत नाही. आणि उपद्रवी बळी झालेले विजू खोटे म्हणजे ‘शोले’तले कालिया. अहमद आणि कालिया तेरा वर्षांनी पुन्हा एका सिनेमात, तेही असे! बळीचा शेवटाकडचा भाग मला आजही लांबलेला वाटतो, पण त्यात दोष नटाचा नाही.

स्त्रियांच्या भूमिकांबद्दल फार कमी लिहिलं जातं. अश्विनी भावे यांची माधुरी ही दुकानाची मालकीण, धनंजयची मालकीण. 1988 च्या मराठी विनोदी सिनेमात बाई नोकरी देते आणि पुरुष हाताखाली काम करतो, हे मला आजही आवडतं. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘कळत नकळत’सारखा गंभीर सिनेमा केला आणि 1991 साली हिंदीत ‘हिना’. सुप्रिया पिळगांवकर यांची मनीषा, निवेदिता जोशी यांची सुषमा, प्रिया अरुण यांची कमळी. या तिघींचं काम अवघड होतं, कारण हशा त्यांच्या वाट्याला नव्हता. त्यांना फसायचं होतं, आणि मूर्ख न दिसता फसायचं होतं. सुप्रिया आणि सचिन यांचं लग्न 1985 सालीच झालं होतं. निवेदिता पुढे अशोक सराफ यांच्या पत्नी झाल्या आणि प्रिया लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या. म्हणजे जोडप्यांचं सोंग घेतलेल्या या सिनेमात तीन खरी जोडपी होती, एक झालेलं आणि दोन व्हायची.

पुरुषानं साडी नेसून घरात शिरायचं, ही कल्पना जगभर फिरलेली आहे. ब्रँडन थॉमस यांचं ‘चार्लीज आंट’ हे इंग्रजी नाटक 1892 चं. आचार्य अत्रे यांनी त्यावरून ‘मोरूची मावशी’ लिहिलं, आणि 1980 च्या दशकात विजय चव्हाण यांनी ती मावशी अशी उभी केली की नाव त्यांचंच झालं. अमेरिकेत बिली वाइल्डर यांच्या 1959 च्या ‘सम लाइक इट हॉट’मध्ये टोनी कर्टिस आणि जॅक लेमन बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. तिथंही दोन कुळं दिसतात. कर्टिस यांची बाई सभ्य, आब राखून. लेमन यांची दंगेखोर. लेमन पुढे मोठ्या गंभीर भूमिकांसाठी ओळखले गेले, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

आपल्याकडे हिंदीत ‘जाने भी दो यारो’ आहेच. कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत 1983 साली त्यांनी तो केला. नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश शाह, नीना गुप्ता. एवढ्या नावांत कुणी मोठी शोकांतिका केली असती. शिवाय संपादक शोभा सेन झालेल्या भक्ती बर्वे. मराठी रंगभूमीवरची ‘ती फुलराणी’ ज्यांच्या नावानं ओळखली जाते त्या भक्तीताई इथं एका कावेबाज बाईच्या भूमिकेत, आणि हसवण्यासाठी त्या तसूभरही वाकत नाहीत.

त्या सिनेमाच्या शेवटी महाभारताचं नाटक चालू असताना रंगमंचावर सगळे घुसतात, आणि द्रौपदी म्हणून साडीत गुंडाळलेलं एक प्रेत उभं केलेलं असतं. सतीश शाह प्रेत झाले आहेत. हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा मला आमचा रस्ता आठवतो. भीम, दुर्योधन, द्रौपदी, साडीतला पुरुष, सगळे एका रात्रीत. प्रेताचं बेअरिंग म्हणजे काय, ते सतीश शाह यांच्याकडून शिकावं. खांद्यावर टाकतात, ढकलतात, चाकांच्या बुटांवर उभं करतात, आणि त्या चेहऱ्यावर काही म्हणता काही येत नाही.

‘बनवाबनवी’ आमच्याकडे इतका जवळचा का वाटला, याला आणखी एक कारण आहे. त्याची अडचण खरी आहे. भात निघाला की इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि जाईल तिथं पहिला प्रश्न छपराचा. शिकायला बाहेर पडलेल्या पोरांचंही तेच. मी नाशिकला गेलो तेव्हा तीन दारांवर एकच उत्तर ऐकलं, एकट्या मुलांना देत नाही. चौथ्या दारी गाव विचारलं, मोखाडा म्हटल्यावर आडनाव विचारलं, आणि मग खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं कळलं. त्या संध्याकाळी स्टँडवर बसून मला धनंजय माने आठवला, आणि तो सिनेमा चार पोरांच्या चावटपणाचा नसून चार पोरांच्या निवाऱ्याचा आहे, हे कळलं. सराफ, बेर्डे, सचिन आणि सिद्धार्थ यांनी ती गरज आधी मनापासून खरी मानली. हसू त्यानंतर आलं.

आज्याचं सोंग आता माझा चुलतभाऊ नाचवतो. पहिल्या वर्षी तो मुखवट्याआड हसला. कुणाला दिसलं नाही, मुखवट्याचा चेहरा तर जसाच्या तसा होता, पण खांदे हलले आणि संबळ वाजवणाऱ्यानं ते ओळखलं. त्यानं ठेका जागीच धरून ठेवला, पुढं जाऊच दिला नाही, भावाचे खांदे स्थिर होईपर्यंत. मग पुन्हा वाजवायला लागला, आणि देवी चालायला लागली.